खणखणीत मडकी

मडकं विकत घेताना त्याला बोटाच्या पेराने टकटक करून बघायचं, हे मला कुणी मुद्दाम शिकवलेलं नाही. आमच्याकडच्या पोरी आईच्या कडेवर बसून बाजार करतात, तिथेच शिकतात. खणखणलं तर उचलायचं, भद्द वाजलं तर ठेवून द्यायचं. त्यामुळे सासूने त्या दिवशी अंगणात मडकी मांडली, तेव्हा पदर खोचून सगळ्यांच्या आधी मी जाऊन बसले. मोठी जाऊ अजून चुलीपाशीच होती. तिला कधी कसली घाई नसायची आणि तरी सगळं चांगलं तिच्याच वाट्याला जायचं. मला त्याचाच राग यायचा.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मोखाड्याहून पोशेऱ्याकडे जाताना डोंगराच्या पोटाशी आमचा पाडा आहे. त्या पावसाळ्यात एका संस्थेने पाड्यावरच्या घरांना आंब्या-काजूची कलमं वाटली होती. उतारावर, जिथे एरवी नाचणी-वरी व्हायची, तिथे दोघा भावांच्या दोन वाड्या झाल्या, शेजारी शेजारी, मध्ये गुडघाभर दगडी बांध. पावसात कलमं जगणारच होती. खरी परीक्षा पुढच्या उन्हाळ्याची. थंडी सरली की आमच्याकडे माणसांच्या प्यायच्या पाण्याची मारामार, तिथे झाडांना कोण पाजणार! म्हणून संस्थेच्या माणसाने युक्ती सांगितली होती. प्रत्येक कलमाशेजारी मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, पाण्याने भरायचं आणि तोंडावर चपटा दगड ठेवायचा. मडक्याच्या अंगातून पाणी हळूहळू पाझरतं, थेट मुळांना मिळतं, उन्हाने उडून जात नाही. "मडकं रिकामं पडू देऊ नका," एवढं तो जाताना बजावून गेला.

मडकी दोन तऱ्हेची आली होती. काही जव्हारच्या बाजारातली, लालबुंद, गेरूचा हात देऊन घोटलेली, पक्की भाजलेली. बाकीची जवळच्या एका कुंभाराकडची. त्याच्या भट्टीवर म्हणे अवेळी सर पडली होती, त्यामुळे फिकट, खरबरीत, निम्मी कच्चीच. आमच्या घरात वाटणीची रीत ठरलेली आहे. मोठ्याने वाटे घालायचे आणि धाकट्याने आधी उचलायचं, म्हणजे कुणी कुणाला फसवलं असं होत नाही. जाऊबाईने चुलीकडे जाण्याआधीच दोन्ही वाट्यांत दोन्ही तऱ्हेची मडकी सारखी मिसळून ठेवली होती. मी म्हटलं, "असं नको बाई. एकेक उचलू. आधी मी, मग तू."

सासूच्या कपाळावर आठी चढली. जाऊबाई मात्र राखेचे हात पुसत आली आणि हसली. "घे गो धाकटे, तुला पायजे ती घे. मडकंच तं हाय, नवरा थोडाच हाय पारखून घ्यायला!"

जमलेल्या बायका खो खो हसल्या. मीही दात दाखवले, पण हात थांबवला नाही. एकेकाला वाजवून, कानाजवळ धरून, खणखणीत तेवढी माझ्या बाजूला लावली. ती काय समोर येईल ते उचलत होती. शेवटी एकच उरलं, पोटावर केसासारखा बारीक तडा गेलेलं, वाजवलं तर घसा बसलेल्या माणसासारखं. ती म्हणाली, "हे टाकून देऊ का?" मी तेही घेतलं. तिच्याकडे एक जास्त जायला नको होतं मला.

आता मी तिच्यावर एवढी का जळायचे, ते सांगते. मी जव्हारला वसतिगृहात राहून दहावी झालेली. शास्त्रात वर्गात पहिली. सासरी आले तेव्हा वाटलं होतं, शिकलेली सून म्हणून कौतुक होईल. कसलं कौतुक! शेतावरून दमून आलेला माणूस उंबऱ्यात बसला की हाक मारायचा ती मोठीला. भाकर मोठीच्या हातची, चटणी मोठीच्या हातची. पाणीसुद्धा मोठीने दिलं तर गार लागायचं म्हणे! अगं बाई, पाणी तेच, मडकं तेच, आणि मडक्यातलं पाणी गार का होतं ते या घरात फक्त मला ठाऊक. पण ते कुणी विचारलंच नाही.

आणि तिचा नवरा घरी होता. हे सगळ्यात जास्त खुपायचं.

दिवाळी झाली की आमच्या भागातली माणसं पोटासाठी बाहेर पडतात. माझा नवरा वसईकडे खाडीत रेती काढायला जायचा. होडीतून बांबू धरून पाण्यात उतरायचं, तळाशी बादली रेतीत खुपसायची आणि दम संपायच्या आत वर यायचं. दिवसभर हेच. तो सांगायचा, खाडीचं पाणी अंगाला वर ढकलतं, खाली जाऊच देत नाही, म्हणून बांबू लागतो. मी लगेच शहाणपणा केला. म्हटलं, मीठ विरघळलं की पाणी जड होतं, मग ते माणसाला उचलून धरतं, आमच्या शाळेतल्या बाईंनी मीठ घातलेल्या पाण्यात अंडं तरंगवून दाखवलं होतं. तो म्हणाला, "तुझ्या बाईंना सांग, एकदा अंड्याच्या जागी स्वतः उतरून बघा."

तो परत यायचा तेव्हा त्याची कातडी तडकलेली असायची, डोळे लाल, कानातून पू. खारं पाणी अंगातलं गोडं पाणी ओढून घेतं. उन्हात गळ्याइतक्या पाण्यात उभा राहून माणूस तहानेने तडफडतो, असं त्याने सांगितलं तेव्हा मला ते खरं वाटेना. घरात एक पुरुष तरी असावा म्हणून मोठे दीर मागे राहिले होते. जाताना नवरा मला वाडीत घेऊन गेला. म्हणाला, "ही कलमं एवढा उन्हाळा तगली तर पुढच्या वर्षापासून वाडीतच मजुरीचं काम मिळंल. संस्थेने तसं सांगितलंय. मग मी खाडीत जाणार नाय. तू फक्त एवढी जगव." मी म्हटलं, जगवते. त्यात काय एवढं! मुळं पाणी कशी पितात, हे मला पाठ होतं.

मडकी पुरली. भरली. डोळ्यांत प्राण आणून मी रोज बघायला जायचे. दोन-तीन दिवसांत फरक कळायला लागला. बांधापलीकडे जाऊबाईची मडकी सारखी खाली जायची. आज भरलं की परवा तळ दिसायचा. माझी मात्र काठोकाठ. दगड उचलून बघावं तर पाण्यात आभाळ दिसायचं. मला असा आनंद व्हायचा म्हणून सांगू! रिकामं पडू देऊ नका म्हणाला होता ना? घ्या, माझं एकही रिकामं नाही. निवडून घेतलेली आहेत, उगीच नाही.

पाणी आणायचं ते ओहळातल्या झऱ्यावरून. खडकाच्या कपारीत हातभर खड्डा, त्यात पाणी जमेपर्यंत बसायचं आणि वाटीने हंड्यात भरायचं. भरलेल्या हंड्यात पानांची एक डहाळी टाकायची, म्हणजे चढणीला पाणी हिंदकळून सांडत नाही. मी वाडीसाठी एखादी खेप केली तरी भागायचं. जाऊबाई सकाळपासून वर-खाली, वर-खाली. मी झाडाखाली बसून तिला म्हणायचे, "बाई, तुझी मडकी पाणी पितात की दारू?" ती धापा टाकत हसायची. पण मग सासू म्हणायची, "मोठी पाण्यापायी मरते गो, जरा तिला हात दे." झालं! माझ्या अंगाचा तिळपापड. तिने चांगलं केलं तरी कौतुक तिचं आणि तिचं वाईट झालं तरी कळवळा तिचाच. मी नीट काम करते हे कुणाच्या डोळ्यांना दिसतच नव्हतं.

थंडी ओसरली तशी माझ्या आंब्यांची पानं कडेने तांबूस व्हायला लागली. आधी वाटलं, कोवळी पालवी आहे. कसली पालवी! पानं खाली मान घालून लोंबायला लागली, हाताला कागदासारखी लागायची. काजूने तरी जरा तग धरला होता. आणि बांधापलीकडे? बघवत नव्हतं. तिची पानं अशी तुकतुकीत, जशी कुणी तेल चोळलंय. माझं एकच कलम बरं होतं, अगदी बांधाच्या कोपऱ्यातलं, जिथे मी ते तडा गेलेलं मडकं पुरलं होतं. मी म्हटलं, हे तिच्या बाजूचं पाणी पितंय, म्हणून हिरवं आहे. माझं झाडसुद्धा तिच्याच हातचं पिणार, दुसरं काय!

आमच्या बाईंनी शाळेत एक प्रयोग करून दाखवला होता. झाडाच्या जिवंत फांदीवर पारदर्शक पिशवी बांधायची. झाड मुळाने पाणी ओढतं आणि पानांतून वाफ सोडतं, त्यामुळे पिशवीच्या आत दव धरतं. मी घरातल्या साखरेच्या दोन पिशव्या धुऊन घेतल्या. एक माझ्या आंब्यावर बांधली आणि दुपारी सगळे पडले होते तेव्हा बांध ओलांडून दुसरी तिच्या आंब्यावर. उन्हं कलल्यावर गेले. तिची पिशवी आतून थेंबांनी भरली होती, खाली कोपऱ्यात घोटभर पाणी साठलं होतं. माझी कोरडी ठणठणीत. मी तिची पिशवी हातात घेऊन तिथेच बसले. चार थेंब पाणी ते, पण मला इतकं रडू आलं. तिच्या झाडांनासुद्धा घाम येतो आणि माझी मेली श्वास घ्यायला तयार नाहीत!

एवढं डोळ्यांनी बघूनही मला मडक्यांचा संशय आला नाही. येणार कसा? ती तर मीच वाजवून घेतली होती. मी ठरवलं, कलमंच खराब दिली. कुणीतरी चांगली कलमं मोठीकडे वळवली असणार. मग वाटलं, माती खराब असेल. मग वाटलं, सासूची नजर. दिरांना जाऊन म्हटलं, तुम्ही दोघं मिळून वाडी करता, मी एकटी आहे, माझी कलमं मरणारच. ते बिचारे बिडी विझवून गप्प बसले. ते तसेही गप्पच असायचे.

आणि मग एक दिवस नवल झालं. बांधालगतच्या ओळीतल्या मडक्याचा दगड उचलला, तर पाणी वीतभर खाली! शेजारचं बघितलं, तेही खाली. त्याच्या पुढचंही. मी आनंदाने ओरडलेच. पिऊ लागली! इतके दिवस रुसली होती, आता पिऊ लागली! मी त्या दिवशी धावत झऱ्यावर गेले, मडकी पुन्हा भरली. दुसऱ्या दिवशी परत खाली. मोखाड्याच्या बाजाराला गेले तेव्हा आमच्याकडचा एक माणूस खाडीवर परत निघाला होता. जीपच्या टपावर सामान बांधत होता. त्याला म्हटलं, माझ्या घरधन्यांना एवढंच सांग, कलमं पाणी प्यायला लागली. तो म्हणाला, एवढाच निरोप? म्हटलं, त्यांना कळेल.

होळीच्या जरा आधीची गोष्ट. भर दुपार होती. मी भाकरी टाकून वाडीकडे गेले, कारण मला आता करमतच नव्हतं, घटकाघटकाला जाऊन पाणी किती उतरलं ते बघावंसं वाटायचं. बांधाशी पोहोचले तर जाऊबाई माझ्या ओळीत वाकलेली. दगड बाजूला. एका हातात हंडा, दुसऱ्या हातात तांब्या. माझ्या मडक्यातलं पाणी काढून ती हंड्यात ओतत होती.

"चोरटे!" मी किंचाळले. "माझ्या झाडांच्या तोंडचं पाणी पळवतेस?"

ती पळाली नाही. तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली. तिचं तोंड वाकडं झालं आणि ती, कायम हसणारी ती, ढसाढसा रडायला लागली. "पळवते! हो, पळवते! तुझी मडकी बघावी तेव्हा भरलेली. तू एक खेप करतेस नि सावलीला बसतेस. मी मेले पानी वाहून वाहून, मानेत जीव राहिला नाय माझ्या. खणखणती तू नेलीस, गळकी माझ्या गळ्यात आली. झरा आटत चाललाय. रोज तुझ्या मडक्यात डोकावते मी आणि माझ्या पोटात आग पडते. वाटतं, हिला सगळं कसं मिळतं?"

खोटं कशाला सांगू, ऐकून मला आधी बरं वाटलं. ती माझ्यावर जळते! ज्या बाईच्या हातचं पाणी साऱ्या घराला गोड लागतं ती माझ्या मडक्यांवर जळते! मी कंबरेवर हात ठेवून उभी राहिले, आता चांगलं सुनवायचं म्हणून. तोंड उघडलं, तोच नजर तिच्या हंड्यातल्या पाण्यावर गेली.

पाणी तिने काढलं होतं. म्हणजे झाडांनी प्यायलंच नव्हतं.

मी खाली बसले आणि मडक्याच्या कडेची माती हाताने उकरायला लागले. कोपरापर्यंत गेले. माती पिठासारखी भुरभुरीत, गरम. मडक्याचं अंग बाहेरून लालबुंद, कोरडं, चकचकीत. आत पाणी काठापर्यंत आणि त्याच्या बोटभर अंतरावर माझ्या आंब्याचं मूळ वाळून दोरा झालेलं. मी उठले, बांध ओलांडला आणि तिच्या मडक्याशी उकरलं. ती "अगो, काय करतेस?" म्हणत मागे आली. दोन बोटं खाली गेली नाहीत तोच हाताला गार चिखल लागला. तिचं मडकं बाहेरून घामेजलं होतं. आणि त्याला पांढऱ्या मुळांनी असं धरलं होतं, सगळीकडून, पोटाला, बुडाला, बारीक बारीक मुळांची जाळी. लेकराने आईला धरावं तसं. मी हात लावून बघितला आणि मला त्या मडक्याचासुद्धा हेवा वाटला. मला दिवाळीपासून कुणी असं धरलं नव्हतं.

मग सगळंच कळलं. बारीक बारीक छिद्रांतून पाणी झिरपतं, म्हणूनच माठातलं पाणी गार होतं, हे मी परीक्षेत लिहिलं होतं, चित्र काढून. घोटून, पक्कं भाजून ती छिद्रं बुजतात, हेही कळायला हवं होतं. पण अंगणात मडकी वाजवताना मी थोडीच परीक्षेला बसले होते! माझं सगळं लक्ष तिच्या हाताकडे होतं. आणि कोपऱ्यातलं ते एक कलम, ज्याला मी तिचं पाणी पितं म्हणून शिव्या घालत होते, ते माझंच पाणी पीत होतं, त्या तड्यातून.

मी एका मडक्याला लाथ घातली. फुटलं नाही, पक्कं होतं. पायाचं बोट मात्र ठेचलं. जाऊबाईला सगळं सांगितलं तेव्हा ती डोळे पुसत ऐकत राहिली आणि मग तिला हसू फुटलं. "म्हंजे मी तुझ्या भरलेल्यावर जळत होते नि तू माझ्या गळक्यावर?" मला नाही हसू आलं. तिची जगली होती, तिला हसायला काय जातंय!

पण कामाला ती माझ्यासोबत बसली. मडकी उपसली, हळूच वर काढली. मोठा खिळा बुडाशी टेकवून फिरवत फिरवत भोक पाडायचं. काहींना पडलं, काही परत भरल्यावर उभी चिरत गेली आणि त्यांच्यासाठी वाहिलेलं पाणी डोळ्यांदेखत जमिनीत गेलं. सासूचं जुनं लुगडं फाडून वाती वळल्या आणि भोकातून ओढल्या. शाळेत बाईंनी तेरड्याचा दांडा लाल शाईच्या पाण्यात ठेवला होता, तेव्हा शाईच्या रेघा दांड्यातून वर चढताना आम्ही डोळ्यांनी बघितल्या होत्या. बारीक जागा मिळाली की पाणी तिला धरून चालतं, वर म्हणाल तर वर, आडवं म्हणाल तर आडवं. कापडाच्या दोऱ्यादोऱ्यातूनही तसंच चालतं. वात भिजत भिजत बाहेर आली, मातीवर काळा ओला डाग उमटला. मी त्याच्यावर हात ठेवून बसले. एवढं सोपं होतं हे, आणि मी ते चार महिने उशिरा केलं.

संध्याकाळी बघते तर बांधावर काही मडकी ठेवलेली. तिचीच, कच्ची, भद्दी. तिने आपल्या काजूशेजारची काढून मला दिली होती. न मागता. तुम्हाला वाटेल माझं मन विरघळलं. अहो, कुठलं! मला आणखीच चीड आली. ही बाई चोरीसुद्धा करते आणि वर देऊनही जाते, आणि दोन्ही वेळा चांगली तीच. मडकी मी घेतली. थुंकून टाकावं असं वाटत होतं, पण घेतली.

होळीला नवरा आला. खांद्याला पिशवी, कातडीवर मिठाचे पांढरे ओघळ. सासूने तांब्या पुढे केला, तर म्हणाला, आधी वाडी बघून येतो. निरोप पोहोचला होता ना त्याला! मी मागोमाग गेले. तो बांधावर उभा राहिला. माझ्या बाजूला वाळक्या काड्या होत्या, मधूनच एखादं काजू, आणि कोपऱ्यात तेवढा एक आंबा हिरवा. पलीकडे भावाची वाडी.

"पाणी प्यायला लागली म्हणालीस ना?"

मी सगळं सांगितलं. अंगणातल्या टकटकीपासून तांब्यापर्यंत. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो एका मडक्याशी बसला, दगड उचलला, ओंजळीने पाणी घेतलं आणि प्यायला. पुन्हा घेतलं, तोंडावर मारलं, मानेवरून फिरवलं. "गोड आहे," एवढंच म्हणाला. मग दगड परत मडक्याच्या तोंडावर ठेवला. उठताना म्हणाला, "म्हंजे दिवाळीनंतर परत जावं लागणार."

वाती लावलेल्या कलमांपैकी मोजकीच फुटली. वाडीचं काम ज्यांची झाडं तगली त्यांना मिळालं. दिवाळीनंतर मोठे दीर आपल्या वाडीत आळी करत होते आणि माझा नवरा जीपमध्ये बसला. त्या वर्षी गेला, पुढच्या वर्षी गेला, जातच राहिला. पुढे मला अंगणवाडीत काम मिळालं, पाड्यावर टँकर यायला लागला, जव्हारला जायला रस्ता बरा झाला. तो जायचा थांबला नाही. एका कानाने ऐकू येईनासं झालं तरी नाही. ज्याला एकदा खाडीची सवय लागते त्याला दुसरं काम कुणी देत नाही.

तड्याच्या मडक्याजवळचा आंबा मात्र मोठा झाला. धो धो धरतो. आंब्याच्या दिवसांत माझा नवरा घरी येतो, दिवाळीपर्यंत राहतो, त्या झाडाखाली खाट टाकून पडतो. मी त्याच्या चांगल्या कानाशी बसून दिवसभर बडबडते, तो हसतो. बांधापलीकडे तिच्या आंब्यांची रांग. तिथे मोठे दीर खाटेवर असतात, बाराही महिने. मी बघते आणि जळते. वय झालं तरी जळते, त्यात लपवायचं काय!

वीसेक वर्षांनंतरची गोष्ट असेल. अशीच एक दुपार होती. दिवाळी नुकतीच झाली होती, दुसऱ्या दिवशी नवरा निघणार होता. जाऊबाई बांधावर येऊन बसली. तिचे केस पांढरे झाले होते. पोटलीतलं पान काढून लावत म्हणाली, "तुझा आला की तुमच्या घरातून बोलणं ऐकू येतं. रात्रंदिवस बोलता काय, हसता काय. मी कुडाला कान लावून ऐकते." मी म्हटलं, "तुझा तर रोज घरी आहे की!" तिने खाटेकडे बघितलं. दीर डोळे उघडे ठेवून आभाळाकडे बघत पडले होते. "हाय की," ती म्हणाली. "तुझ्या त्या खणखणत्या मडक्यासारखा. भरलेला हाय, फुटत नाय, तुटत नाय. पण बाहेर एक थेंब नाय गो. इतकी वर्षं झाली. मी वाळले."

ती रडत नव्हती. पानाला चुना लावत होती. इतकी वर्षं मी तिच्यावर जळले आणि ती कुडाला कान लावून माझ्यावर जळत होती. मला तिची दया यायला हवी होती. आली नाही. मनात आलं ते एकच आणि ते मी तिला बोलले नाही: नसेना का पाझरत. मडकं हाताशी असलं की खिळा घेऊन बसता येतं. भोक पाडता येतं, वात ओढता येते, मला येतं ते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या जीपने माझा नवरा गेला. मी परत येताना मोठे दीर अंगणात बसले होते, माझ्याकडे न बघता. मी त्यांना पाणी दिलं आणि जरा बोलतात का बघायला समोरच बसले.